ब्रेकमधली हवा

घाट जिथे उतरू लागतो त्या वळणाशी एकदा एका वृद्ध मेस्त्रीने गॅरेज थाटले होते. त्याच्यापाशी एक तरुण शिष्य होता, तो त्याला उस्ताद म्हणे. हाताने चलाख, वृत्तीने उतावळा. इंजिन तो एकटा उघडत असे. ब्रेकचे काम मात्र उस्तादांनी त्याच्यावर कधी सोपवले नव्हते, आणि हे त्याला फार लागत असे.

एके सकाळी एक व्यापारी गाडी घेऊन आला. गाडीत वृद्ध आई, पत्नी, मुले. खाली कोकणात भाचीचे लग्न होते. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली होती, त्यामुळे ब्रेक नीट लागत नव्हते. ती काढायला एरवी दोघे लागतात: एक पॅडल दाबतो, दुसरा चाकाशी बसून हवा बाहेर सोडतो. उस्ताद म्हणाले, "आज तू एकट्यानं काढ."

शिष्य हरखला. त्याने चाकामागचे निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, सैल करून तिला नळी लावली, तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवले आणि स्वतःच आत बसून पॅडल दाबू लागला. एकेक करून सगळी चाके झाल्यावर शेवटचे निपल घाईघाईने आवळून त्याने पॅडल भराभर दाबले. ते दगडासारखे कडक लागले.

"उस्ताद, झालं!"

उस्ताद गाडीकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि बशीत ओतून सावकाश पिऊ लागले.

व्यापाऱ्याचा पारा चढला. "अहो मेस्त्री, मुहूर्त टळेल माझा! चहा कसला पिताय?"

"तुम्हीपण घ्या की."

म्हाताऱ्याला आपले यश बघवत नाही, असे शिष्याला वाटले. चहा संपवून उस्ताद म्हणाले, "आता दाब. एकदाच."

शिष्याने दाबले. पॅडल अलगद तळाला जाऊन टेकले. व्यापाऱ्याने आईकडे पाहिले आणि दार उघडून तिला गाडीतून खाली उतरवले.

मागच्या चाकाशी बाटली कलंडली होती. नळीचे टोक उघडे पडले होते आणि पॅडल वर येताना दर वेळी हवा पुन्हा आत गेली होती.

उस्ताद म्हणाले, "बाटली कलंडली, ते तुला आतून दिसणार नव्हतं. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. पण तू भराभर दाबून खात्री करून घेतलीस. हवा असली तरी तसं दाबल्यावर पॅडल कडक लागतं. तुला ते कडकच हवं होतं ना? घाटात पाय एकदाच पडतो, बाबा. एकट्यानं केलेलं काम थोडं निवू द्यावं. 'मी केलं' हे डोक्यातनं उतरलं, की मग तपासावं."

शिष्याची मान खाली गेली. त्याने बाटली तारेने बांधली आणि पहिल्यापासून हवा काढली.

"झालं का रे?" व्यापाऱ्याने विचारले. आता त्याच्या आवाजात घाई नव्हती.

"अजून दाबून बघितलं नाही, शेठ. जरा बसू या."

उस्तादांनी ते ऐकले, पायांत चपला सरकवल्या आणि ते जेवायला घरी निघून गेले.