मोटारीच्या खोलीची चावी

“म्हणजे पाणी सोडू की नको? तेवढंच सांगा ना, महाराज!”

कारभारी बोरस्ते आठवड्यात तिसऱ्यांदा टेकडी चढून मठात आला होता. आला की घाम पुसायचा, गळ्यातली वॉटरबॅग तोंडाला लावायची आणि हाच प्रश्न विचारायचा. महाराजांच्या सेवेला असलेल्या मला तर तो दिसला तरी डोक्याला ताप व्हायचा.

टेकडीखाली पूर्वी कारभारीची खायची द्राक्षं सोडली तर सगळी बाजरी होती. कारभारीनं वाइनची द्राक्षं लावली, कारखान्याशी करार केला, आणि त्याच्या शब्दावर गावानंही बाजरी मोडून वेली लावल्या. आता शेजारची गावंही तयारीत आहेत. सगळ्यांची नजर कारभारीच्या मालावर. गेल्या हंगामात साखर कमी भरली म्हणून कारखान्यानं त्याचा माल परत पाठवला. यंदाही तसंच झालं तर करार मोडणार, आणि गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

महाराजांनी डोळे मिटूनच विचारलं, “कारखान्याचा माणूस काय म्हणतो?”

“म्हणतो, मणी भरायला लागले की पाणी तोडा. वेल तहानली की मण्यात साखर उतरते.”

“मग तोड.”

“पण पान मान टाकतं हो! जन्मभर खायची द्राक्षं काढली मी. मणी टपोरा झाला पाहिजे, एवढंच शिकलोय. मलूल वेल बघवत नाही.”

“मग सोड.”

“सोडलं की साखर जाते!”

“मग तोड.”

“चेष्टा करताय का माझी?”



कारभारी घटाघटा पाणी प्यायला. खिशातून चावी काढून त्यानं महाराजांच्या पुढ्यात आदळली.

“ही पाण्याच्या मोटारीच्या खोलीची चावी. माल निघेपर्यंत तुमच्यापाशी ठेवा. मी पाया पडलो तरी देऊ नका. संपला विषय!”

मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

कारभारी पायऱ्यांपर्यंत गेला. थांबला. मान खाजवत परत आला.

“एक सांगायचं राहिलं… दुसरी चावी घरी आहे. देवळीत.”

“असणारच,” महाराज म्हणाले.

“ती पण आणून देऊ?”

“अहो, मग कुलूप तरी कशाला लावता!” माझ्या तोंडून निघूनच गेलं. महाराजांनी माझ्याकडं बघितलं तसा मी गप्प बसलो.

कारभारी पायरीवरच बसला. वॉटरबॅग पुन्हा तोंडाला लागली.

“हात आवरत नाही, महाराज. सकाळी ठरवतो, दुपारी पान वाळलेलं दिसलं की मोटार चालू. उद्या सगळं गाव माझ्या नावानं शिमगा करील. माझ्या एकट्याचं असतं तर चाललं असतं हो…”

पहिल्यांदाच मला त्याची कीव आली.

महाराज उठले. चावी उचलून त्यांनी त्याच्या मुठीत दिली.

“घेऊन जा.”

“अहो, पण…”

“दोन्ही तुझ्यापाशी राहू दे. आत्ता खाली जा. दिवस मावळेपर्यंत वेलींत बसून राहा.”

कारभारीनं बाहेर बघितलं. ऊन नुसतं रणरणत होतं.

“बसतो. पण पाण्याचं काय करू, महाराज?”

महाराजांनी त्याच्या गळ्याकडं हात केला.

“वॉटरबॅग तेवढी इथं ठेवून जा.”