रडायला बळ नसलेलं लेकरू

चंपकनगरीत ब्रह्मसेन राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व एका धनगराच्या घरी जन्माला आले. पुढे रोगाने मेंढरं मेली, तेव्हा ते राजाच्या आरोग्यशाळेत कामाला लागले. काम एकच. वैद्य तपासत असला की रोग्याला धरून ठेवायचं. धरता धरता म्हातारे झाले, गुडघे गेले. सोमदंत वैद्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, "येत्या अमावास्येपासून तू औषधांच्या कोठीत बस. तोवर नीट धर, म्हणजे झालं." बोधिसत्त्वांना त्या कोठीतल्या चौरंगाची फार ओढ लागली होती. थकलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं.

त्या दिवसांत भद्रिका नावाची कोष्टीण सातव्या महिन्यातच बाळंत झाली. लेकरू ओंजळीत मावेल एवढं. अशा लेकरांच्या डोळ्यांत आतून पडदा धरतो, म्हणून दर चौथ्या दिवशी आरोग्यशाळेत आणून पापणी उघडून पाहावं लागे. वेळेत दिसला तर औषध चाले, नाहीतर डोळे जात. सोमदंत भराभर पाहून मोकळा होई. लेकरू रडत नसे. पण तपासलं की दिवसभर ते दूध ओढत नसे. दोन तपासण्यांत पार वाळलं.

तिसऱ्या खेपेला भद्रिका दारातच थांबली.

"बाबा, मी याला घरी नेते. आंधळं तर आंधळं, जगेल तरी."

"पोरी, जरा बस. मीही दमलोय," बोधिसत्त्व म्हणाले.

खरं म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दोन्ही वेळा पाय धरताना बाळाची इवली बोटं ताणून फाकलेली त्यांनी पाहिली होती. दिवस भरायच्या आत पडलेलं कोकरू दुखलं की असंच खुरं ताणतं. पाहिलं आणि गप्प राहिले, त्या चौरंगापायी.

सोमदंत आला. "धर," म्हणाला.

"वैद्यराज, थोडं थांबावं. याला दुखतं."

"रडत तर नाही. एवढ्याशा जिवाला कसलं दुखणं?"

"रडायला बळ लागतं. ते याच्यात नाही."

"आता मेंढ्या राखणाऱ्याने मला वैद्यकी शिकवावी?"

"मला कुठली येतेय. मेंढरांनी शिकवली तेवढी सांगतो."

"कोठीत बसायचंय ना तुला?"

बोधिसत्त्वांनी भद्रिकेकडून बाळ हातात घेतलं. मग म्हणाले, "तिथे दुसऱ्याला बसवा. पण आज सावकाश घ्या."

त्यांनी तळहात चोळून ऊबदार केले. बाळाचे हातपाय पोटाशी दुमडून, आईच्या मऊ लुगड्यात गुंडाळून, एक हात डोक्यावर ठेवला. भद्रिकेने दुधाचे दोन थेंब त्याच्या जिभेवर सोडले आणि बोट चोखायला दिलं. सोमदंताने पापणी उघडली. लुगड्याबाहेर राहिलेली बाळाच्या पायाची बोटं ताणली.

"थांबा."

तो कपाळाला आठी घालून थांबला. बोटं सैलावली.

"हं, आता."

असं चारदा झालं. ऊन माथ्यावर आलं. डाव्या डोळ्यात पडदा नुकता धरत होता, त्यावर औषध घातलं. सोमदंत निघून गेला. दुपारी लेकरू दूध ओढू लागलं, आणि भद्रिका बसल्या बसल्याच झोपली.

कोठीत दुसरा माणूस बसला. बोधिसत्त्व शेवटपर्यंत त्याच गुडघ्यांवर उभे राहून धरत राहिले. पण त्यानंतरच्या चौथ्या दिवशी बोटं ताणताच सोमदंत आपणहून थांबला होता, कुणाला सांगावं लागलं नाही.

एका आजाऱ्याच्या खाटेपाशी ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, वाचा गेलेल्या आजाऱ्याची जखम घाईघाईने धुणारा हा वप्पक, तो तेव्हाचा सोमदंत. दाराशी बसलेली उपासिका नंदा ही भद्रिका. ते लेकरू म्हणजे हा आजारी. आणि धरणारा मीच होतो, दोनदा गप्प राहिलेला. ज्याला ओरडता येत नाही त्याच्यासाठी आपला हात थांबवणं, हीच करुणा."