ठेवणीचे रांजण

एका राज्यात कोणीही काही करत नसे. आळस म्हणून नव्हे, भक्ती म्हणून. हातातली कला, गळ्यातला सूर हे सारं देवबापाचं देणं, हे तिथल्या भाविक माणसांना पक्कं ठाऊक होतं. मग देवाची वस्तू रोज वापरून मळवायची कशी? आपण नाही का, चांगलं लुगडं ठेवणीत ठेवतो आणि कसरीला खाऊ घालतो, त्यातलाच प्रकार.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं निगूढ नावाच्या जादूगारानं. तो राजा रूबेनला म्हणाला, "महाराज, देणगी वापरली की झिजते. झाकून ठेवाल तर अखंड राहील." राजाला पटलं. त्यानं ठेवणीचा दिवस नेमला. दरसाल त्या दिवशी वयात आलेल्यांनी राजवाड्याच्या तळघरात जायचं, रांजणात तोंड घालून आपल्या देणगीचं नाव उच्चारायचं, आणि निगूढानं वर मेणाचं झाकण बसवायचं. गवंड्याचं घर गळू लागलं. सुतार मोडक्या बाजेवर निजू लागला. राजानंही आपली न्यायबुद्धी रांजणात घातली होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच नव्हता.

त्या राज्यात केजिया नावाची विधवा राहत असे. भुईला कान लावला की खोलवरचं पाणी तिला ऐकू येई. एकदा तिनं दाखवलेल्या जागी तिचा नवरा विहीर खणत होता, तेव्हा दरड कोसळली आणि तो वर आलाच नाही. केजियानं आपण होऊन देणगी रांजणात घातली. झाकण बसलं तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे तिची लेक सलोमी मोठी झाली. सलोमीनं मंदिरात स्तोत्र धरलं की म्हातारी माणसं काठ्या तिथेच विसरून घरी जात. केजियानंच तिला हाताला धरून तळघरात नेलं. "जपून राहील गं, बाळ," ती म्हणाली.

त्याच वर्षी त्या झाकणांचा शाप उघड झाला. विहिरी आटल्या, आणि ज्यांच्या देणग्या रांजणात होत्या त्यांची पावलं मातीची होऊ लागली. केजियाची माती घोट्यापर्यंत चढली. सलोमीची मात्र भराभर वर सरकली. कमरेपर्यंत आली तेव्हा पोरगी म्हणाली, "आई, दुखत नाही. काहीच होत नाही."

ते ऐकून केजिया खिडकीशी जाऊन उभी राहिली.

खिडकीबाहेर बाभळीवर एक सुगरण पक्षी घरटं विणत होता. तो विणता विणता बोलला, "बाई, लेकीचा रांजण फुटल्यावाचून शाप सुटायचा नाही. दरबारात जा."

"तुला कसं ठाऊक?"

"चोच कामात असली की कान मोकळे राहतात. जा, उशीर करू नकोस."

केजिया मातीची पावलं ओढत दरबारात गेली आणि तिनं लेकीचा रांजण मागितला. निगूढानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तीन कामं कर, रांजण घेऊन जा. एक जरी हुकलं तरी जागच्या जागी माती होशील."

"सांगा."

"कोरड्या नदीतून ओंजळभर पाणी आण. मग उघड्या कातळातून आण. तिसरं त्यानंतर."

तो गालात हसला. पाणी ऐकणारीचं झाकण त्यानं स्वतः बसवलं होतं.

केजिया नदीत उतरली. जिथे दिसेल तिथे तिनं वाळू उपसली. नखं तुटली, वाळू कोरडीच. शेवटी ती पालथी पडली आणि रडू लागली. "देवबापा, तू दिलंस ते मी माघारी लोटलं. आता कशानं ऐकू?"

आणि तिला ऐकू आलं.

आधी झुळझुळ, मग खळाळ, मग त्याखाली आणखी खोल वाहणारं थंड, काळं पाणी. ती श्वास घ्यायची विसरली. हे कान तर रांजणात होते! जगाच्या पोटात कुणी तरी अखंड बोलत होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्याशीच बोलत होतं. ऐकलं तिथे तिनं हात घातला आणि ओंजळ भरली. उठताना पाहते तो टाचेवरची माती गळून पडलेली.

कातळावर तिनं आधी कान ठेवला. दगडाच्या एका शिरेत पाणी सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसं बारीक जात होतं. तिनं पहार मारली. कातळानं पाणी दिलं. केजिया गुडघे टेकून बसली, पाणी प्यायचंही तिला सुचलं नाही. पावलांवरची उरलेली मातीही गळून पडली.

दोन्ही ओंजळी पाहून निगूढाचा चेहरा उतरला. "तिसरी ओंजळ या तळघराखालून आण."

"रांजण कोसळतील!" राजा ओरडला.

केजिया तळघरात उतरली, रांजणांच्या मधोमध तिनं भुईला कान लावला. खाली नदीच्या नदी गर्जत होती. पण आणखी एक आवाज होता, सुटत चाललेल्या मातीचा.

"महाराज, इथे पाणी आहे. भुई ठिसूळ आहे. माझा नवरा गेला तेव्हा मी नुसतं पाणी ऐकलं, माती ऐकली नाही. आज दोन्ही ऐकतेय. गवंडी बोलवा, सुतार बोलवा. आधार देऊनच खणू. आत पहिली मी उतरेन."

"त्यांच्या देणग्या रांजणात आहेत, बाई."

"माझीही होती, महाराज."

राजानं तिच्या मोकळ्या झालेल्या पावलांकडे पाहिलं. मग त्यानं गवंडी बोलावले, सुतार बोलावले. ती माणसं मातीचे पाय घासत आली. हातांची सवय मोडली होती, पहिली तुळई वाकडी बसली, दुसरी सरळ बसली. केजिया खड्ड्यात उतरली. माती सुटल्याचं ऐकू आलं की ती हात वर करी, सुतार तिथे टेकू देई, गवंडी दगड बसवी. एकही दरड कोसळली नाही.

ती वर आली आणि पाठोपाठ पाणी आलं. तळघर भरलं, रांजण तरंगले, एकमेकांवर आपटून फुटले. सगळेच्या सगळे रिकामे होते.

"यांत काय कोंडलं होतंस?" राजानं विचारलं.

"तुमची भीती, महाराज," निगूढ म्हणाला. "देवानं दिलेलं मला काढता येत नाही. मला फक्त झाकण बसवता येतं."

पाणी त्याच्या पायांना लागलं आणि तो विरघळू लागला. तो केव्हापासूनच मातीचा होता.

केजिया धावत घरी आली. सलोमी हनुवटीपर्यंत माती झाली होती. केजियानं तिच्या ओठांना ओंजळीतलं पाणी लावलं. काही झालं नाही.

"बाळ, रांजण रिकामा निघाला. तुझा गळा तुझ्यापाशीच आहे. गा."

"नाही येणार, आई."

"मग वाईट गा."

सलोमीनं सूर लावला. तो फाटला. तिनं पुन्हा लावला. घोगरा, बेसूर, पण देवाचं नाव त्यात स्पष्ट होतं. गळ्यावरच्या मातीला तडा गेला, मग खांद्यावरच्या, आणि तिचा उजवा हात सुटून आईच्या गालावर आला. केजियानं तो दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्यानं देवाचे उपकार मानले.

त्या दुपारी राजा रूबेन न्यायाला बसला. पहिला निवाडा चुकला, तो त्यानं सर्वांसमोर बदलला. गावभर रंधा चालला, भिंती उभ्या राहिल्या, विहिरींना पाणी आलं. ठेवणीच्या दिवशी आता लोक तळघरात जात नाहीत. ते मंदिरात जातात आणि कामानं मळलेले हात तसेच देवापुढे जोडतात.

जसे त्यांचे हात मळले, तसे तुमचे-आमचे मळोत, आणि ही कहाणी ऐकणाऱ्याला फळो.