एक टोपली चिखल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या खाडीवर आता घरं उभी आहेत. त्या खाडीच्या काठी मीठ पिकवणाऱ्यांचं एक गाव होतं. गाव प्रभू येशूला मानणारं आणि त्याचा अभिमान जरा जास्तच बाळगणारं.

गावाची एक चांगली रीत होती. कुणाच्या मिठागराचा बांध फुटला, की गाव चर्चसमोर जमायचं, प्रार्थना करायचं आणि घरटी एक टोपली चिखल नेऊन भगदाड बुजवायचं.

त्या गावात कातरीन राहत होती. एका पावसाळ्यात तिचा नवरा तापाने गेला. मागोमाग तिच्या मिठागराचा बांध फुटला. पदरात लहान लेक, आणि पोट त्याच मिठावर.

गाव जमलं, पण टोपली कुणी उचलली नाही.

"एवढी संकटं उगाच येत नाहीत, बाय," पाटील म्हणाला. "देव कोपलाय. सगळ्यांसमोर कबूल कर, की ही तुझ्या पापाची शिक्षा आहे. उद्या सकाळी अख्खं गाव तुझ्या बांधावर येईल."

"आणि लवकर कर," शेजारचा मोतेस हसला. "उधाण काय तुझ्या कबुलीसाठी थांबणार नाही!"

बघा, ही माणसं सकाळी प्रार्थना करून आली होती! आपलं मीठ शाबूत होतं, म्हणून दुसऱ्याचं पाप त्यांना स्वच्छ दिसत होतं.

खोटं एक वाक्य बोलली असती, तर कातरीनचा बांध उभा राहिला असता. तिने लेकीला जवळ ओढलं.

मग म्हणाली, "पाटील, माझी पापं मी रोज प्रभूपुढे सांगते. पण माझा नवरा त्यानेच शिक्षा म्हणून मारला, असं खोटं त्याच्या नावावर घालू? तेवढं माझ्याच्याने होणार नाही."

"मग बस एकटी चिखल उपसत," पाटील म्हणाला.

ती मात्र नुसती बसून राहिली नाही. ओहोटी लागली की चिखल टाकायची, भरती आली की तो वाहून जायचा. कधी रडायची, कधी देवाशी भांडायची. "देवा, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. पण तू माझा वैरी नाहीस, एवढं मला कळतं." आणि पुन्हा टोपली भरायची.

मग उधाण आलं. कातरीनच्या भगदाडातून समुद्र आत घुसला आणि तिथे थांबला नाही. आतले बांध एकामागून एक खचले. मोतेसचं मीठ गेलं. पाटलाच्या पांढऱ्या राशी विरघळून गेल्या.

गाव चर्चसमोर जमलं. कुणी कुणाकडे बघेना.

"आता कुणाचं पाप काढायचं, पाटील?" मोतेसने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

तेवढ्यात कातरीन आली. कोपरापर्यंत चिखल, डोक्यावर भरलेली टोपली. ती गुडघ्यांवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "प्रभू, माझ्या गावाला सांभाळ." मग उठून विचारलं, "आधी कुणाच्या बांधावर टाकू?"

पाटील पुढे आला. त्याने तिच्या डोक्यावरची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"तुझ्या," तो म्हणाला. "आम्ही पहिल्या दिवशीच टाकायला हवी होती. क्षमा कर, बाय."

"चला आता," कातरीन म्हणाली. "ओहोटी सरेल."

बांध उभे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात कातरीनच्या मिठागरात पहिलं मीठ धरलं. नवरा परत आला नाही. ती जागा रिकामीच राहिली. पण लेकीच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवताना ती म्हणाली, "बघ, प्रभूने आपल्याला सोडलं नव्हतं."

तात्पर्य: दुःखात देवाचा हात सोडू नये, आणि दुसऱ्याच्या दुःखाला देवाची शिक्षा म्हणू नये.