सारजाबाईचा कडू घास

मुळा नदीवर पूल नव्हता आणि उपासनेला छप्पर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे करंजदरा, पलीकडे डोहेगाव. करंजदऱ्याच्या गावकुसाबाहेर सात घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. सात घरं म्हणजे मंडळी ती केवढी! एका चिंचेखाली सगळी मावत. बायबल एकच आणि ते वाचता येणारे मनाजी मास्तरही एकच.

महिन्याच्या पहिल्या आयतवारी त्या चिंचेखाली प्रभुभोजन व्हायचं. दगडावर धुतलेलं धोतर अंथरायचं, त्यावर ज्वारीची एक भाकरी आणि लोटीत मनुकांचं पाणी. पण त्या भाकरीला एक अट होती. मंडळीत कुणाचा कुणाशी अबोला असेल, तर ती भाकरी मोडायची नाही.

आता माणसं म्हटली की अबोला आलाच. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जुने देव सुटले, जुनी भांडणं थोडीच सुटतात? कुणाची कोंबडी कुणाच्या परड्यात गेली, एवढंही पुरायचं. म्हणून आदल्या शनिवारी सारजाबाई निघायची. बाई विधवा, मूलबाळ नाही, आवाज मात्र खणखणीत. दारात उभी राहून विचारायची, "मंडळीत कुनासंगं अबोला हाये का?"

हाये म्हटलं, की ती उंबऱ्यावर बसकण मारायची. समजूत घालायची, शिव्या घालायची, पण दोघं बोलल्याशिवाय घोटभर पाणीही घ्यायची नाही. एकदा दोघा भावांच्या घरांमध्ये ती दोन दिवस भर पावसात बसली आणि तिच्या लुगड्याला थेंब शिवला नाही, असं म्हणतात. पुढे पुढे तर वाटेवर तिचा खोकला ऐकू आला, तरी रुसलेले नवराबायको घाईघाईने बोलू लागत.

साऱ्या मंडळीचा अबोला मोडणाऱ्या सारजाबाईचा स्वतःचा एक अबोला होता. तो बारा वर्षांचा होता.

तिची थोरली बहीण ठकू डोहेगावात दिलेली. ठकूने बाप्तिस्मा घेतला नव्हता. दोघींची आई ठकूकडेच वारली. माती देऊन माणसं परतली, शेजारणीने पिठलं-भाकरी आणली. मेलेल्याच्या घरी पहिला घास सगळ्यांनी मिळून खायचा, त्याला कडू घास म्हणतात. ठकूने तो घास बहिणीपुढे धरला. सारजाच्या अंगावरचं बाप्तिस्म्याचं पाणी तेव्हा नुकतंच वाळलं होतं. जुनं सगळं सोडायचं, एवढंच तिला कळलं होतं. ती म्हणाली, "म्या न्हाय खानार. आमच्यात चालत न्हाय."

ठकूचा हात तसाच राहिला. मग ती म्हणाली, "आई दोघींची व्हती, सारजे. घास माझ्या एकटीचा व्हय?"

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. अलीकडच्या काठावर सारजा धुणं धुवायची, पलीकडच्या काठावर ठकू. दोघी एकमेकींकडे पाठ करून धुवायच्या. मनाला टोचणी लागे, तेव्हा सारजा स्वतःला समजवायची, की ठकू कुठे मंडळीत आहे? आपला नेम मंडळीपुरता. माणूस स्वतःला फसवायला बसलं, की त्याला कारणांचा तोटा नसतो.

एका शनिवारी सारजा घरं फिरायला निघाली, तोच ठकूची सून नदी उतरून आली. म्हणाली, "मावशी, आत्याबाईंचं काय खरं न्हाय. रातीपास्नं तुमचंच नाव घेत्यात. चला."

 सारजाचे पाय नदीकडे वळलेही. पण पुढे सात घरं होती, आणि त्यातल्या दोन घरांत त्या आठवड्यात चांगलीच जुंपली होती. ती म्हणाली, "उद्या प्रभूचं भोजन हाये, बाई. आज लोकांचे अबोले मोडते. परवा येते म्हनावं."

सून आल्या वाटेने परत गेली. सारजाने त्या दोन घरांचा अबोला मोडला.

आयतवारी मनाजी मास्तरांनी प्रार्थना करून भाकरी हातात घेतली, आणि भाकरी मोडेना. त्यांनी जोर लावला, गुडघ्यावर दाबून पाहिली. सकाळीच भाजलेली भाकरी, पण तिला चीर जाईना, असं म्हणतात. मास्तरांनी विचारलं, "कुनाच्या मनात काय ऱ्हायलंय?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. काल तर सगळ्यांना विचारून झालं होतं.

सारजा उठली. "माझ्या," म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाय."

ती नदीत उतरली. मुळेला रात्रीतून पूर आला होता, पण पाणी तिच्या घोट्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. नदीने वाट दिली खरी, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. ठकू पहाटेच गेली होती. माती देऊन माणसं परतली होती आणि सून घास वाढत होती. सारजाने दारातूनच हात पुढे केला. सून थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने घास दिला. सारजाने तो खाल्ला आणि त्या घरात ती हंबरडा फोडून रडली. "ठके, बोल गं," म्हणत राहिली. पण बोलणार कोण?

ती उन्हं कलल्यावर परतली. मंडळी अजून चिंचेखालीच होती. मास्तरांनी भाकरीला हात लावला आणि ती आपसूक मोडली, असं म्हणतात. त्यांनी पहिला तुकडा सारजापुढे धरला. तिने मान हलवली. "आज नगं, मास्तर. माझा घास झालाय."

पुढे वीस वर्षं तिने दारोदार विचारलं, पण एक बदल करून. 'मंडळीत' म्हणणं तिने सोडून दिलं, आणि आधी मला विचारा म्हणून हट्ट धरला.

आता करंजदऱ्यात दगडी चर्च आहे, दीडशे घरं आहेत. डोहेगावात कुणीही वारलं, कुठल्याही जातीधर्माचं असो, तरी पहिली पिठलं-भाकरी करंजदऱ्यातून जाते, आणि नेणारी माणसं तिथे बसून घास खातात. त्याला सारजाबाईचा घास म्हणतात. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आजही एक बाई दारोदार फिरते. पण ती निघण्याआधी सगळी मंडळी तिच्याच दारात जमते आणि तिला विचारते. गेल्या साली ही पाळी शेवंताबाईंकडे होती.  विचारल्यावर त्या खालच्या मानेनेच म्हणाल्या, "हाये. पन ती लांब ऱ्हाती. उद्या भोजन झाल्यावर जाईन."

मंडळीतलं एकही माणूस जागचं हललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "आधी जाऊन ये, बाई. भोजन थांबंल. मानूस थांबंल का?"