काचेच्या बागेची भूक

एका राज्यात तीन वर्षे वेशीबाहेर सहसा कोणी पाऊल टाकत नव्हते. वेशीपलीकडे राखाडी धुके होते. ते ज्या शेतावर बसले तिथे अंकुर फुटत नसे, आणि जो त्यात शिरे तो काहीतरी गमावूनच परते. सारी नगरी जगत होती ती एका बागेवर. तिच्या भिंती काचेच्या, छत काचेचे. आत भाताचे वाफे, भाज्यांचे वेल आणि मधोमध एक तळे.

ती बाग कर्दम नावाच्या मांत्रिकाने राजा धवलकेतूच्या आज्ञेवरून बांधली होती. काम संपल्यावर तो आपली जनावरे घेऊन बागेच्या दारात आला. राजा म्हणाला, "इथे शेण पडता कामा नये. पिके राहतील, जनावरे नाहीत."

कर्दम म्हणाला, "मग राजा, या बागेबाहेर काही उगवणार नाही. देणारे आणि घेणारे आत एकत्र नांदतील, तेव्हाच हा शाप उतरेल." तो गेला आणि धुके आले.

पहिल्या वर्षी बागेने भरभरून दिले. दुसऱ्या वर्षी निम्मे. तिसऱ्या वर्षी पाने पिवळी पडली, लोंब्या पोचट निघाल्या. राजकन्या मेदिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दिवसभर वाफ्यांमधून येरझारा घाली, भरल्या ताटावरून उठून पुन्हा पाने उलटून पाही.

एके सकाळी काचेवर टकटक झाली. बाहेर टिटवी बसली होती.

"राजकन्ये, बाग भुकेली आहे," टिटवी म्हणाली. "तुम्ही तिचे खाता. तिला काय देता?"

"काय द्यावे?"

"तीन जीव आण. एक पाण्यातला, एक पाण्यावरचा, एक गोठ्यातला. वाट मी दाखवीन. धुके मात्र आपला वाटा घेईल."

"घेऊ दे," मेदिनी म्हणाली. जोडे घालायलाही ती थांबली नाही.

पहिली वाट सोनतळ्याची. तळाशी मोहरांचे हंडे लखलखत होते. त्यांना जो शिवला तो तळाशीच बसला. मेदिनीने हंड्यांमधून टोपली फिरवली, मासे तेवढे उचलले आणि परतली. तिचे केस पांढरे झाले होते. मासे बागेच्या तळ्यात सोडले. तळ्याचे पाणी वाफ्यांना दिले, तशी महिन्याभरात पाने हिरवी झाली. मग त्या हिरव्या पानांवर अळी पडली.

दुसरी वाट पडक्या नगराची. तिथे जो क्षणभर थांबे त्याचा दगड होई. रस्ते अशा दगडी माणसांनी भरले होते. मेदिनीला थांबणे ठाऊकच नव्हते. ती चालता चालता दाणे टाकत गेली आणि बारा बदके तिच्यामागून चालत आली. डाव्या हाताची बोटे तेवढी बधिर झाली. बदकांनी अळी वेचून खाल्ली. त्यांची विष्ठा तळ्यात पडली, तिच्यावर शेवाळ वाढले, त्यावर मासे पोसले. पण म्हातारा माळी येसाजी हात जोडून पुढे आला.

"बाईसाहेब, बदकांनी कोवळी रोपे तुडवली. लोक म्हणतात, हाकलून द्या."

"रोपे गुडघाभर होईतो त्यांना तळ्यातच अडवा, मग सोडा. आणखी काय?"

"पेंढ्याचे ढीग साचलेत. माती अजून दगडासारखी आहे."

"मी आलेच," म्हणून ती निघाली.

तिसरी वाट कर्दमाच्या गोठ्याची. कर्दम कबऱ्या गाईचे अंग चोळत बसला होता.

"गाय ने," तो म्हणाला. "पण तिचे पहिले शेण राजाने आपल्या हाताने वाफ्यात घालायचे. तोवर तुझे डोळे धुक्याकडे गहाण राहतील."

"आणि त्यांनी नाही घातले तर?"

"तर डोळे धुक्याचेच."

मेदिनीने गाईची शेपटी धरली. पुढे टिटवी ओरडत होती, मागे ती ठेचकाळत होती. बागेत येताच गाईने पेंढ्यात तोंड घातले. थोड्या वेळाने शेण पडले. मेदिनीकडून ऐकून येसाजीने राजाला अट सांगितली. राजा पांढऱ्या वस्त्रांत उभा राहिला, दोन पावले पुढे आला, दोन मागे गेला.

"मेदिनी, तुला मी दिसतो का?"

"नाही, बाबा."

राजाने बाह्या सारल्या. "कुठे घालायचे?"

"वेलांच्या मुळाशी. मातीत नीट कालवायचे."

राजा गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हातांनी शेण उचलले आणि मातीत कालवले. तळ्यावर बदके ओरडली. काचेबाहेरचे धुके फाटत फाटत डोंगरापार गेले. मेदिनीला आधी दिसले ते बापाचे कोपरापर्यंत भरलेले हात. तिची बोटेही हलू लागली. केस मात्र पांढरेच राहिले.

दुपारी कर्दम दारात आला. राजा स्वतः सामोरा गेला.

"आत या," राजा म्हणाला.

"आतले काम आता आतलेच जीव करतील," कर्दम म्हणाला. "बाहेर तीन वर्षांची पडीक जमीन आहे. नांगर आहे का?"

नांगर गंजले होते. राजाने लोहाराला बोलावणे धाडले आणि तो येईपर्यंत वाट न पाहता मेदिनी कुदळ घेऊन वेशीबाहेरच्या पहिल्या शेतात उतरली. तिच्यामागून येसाजी, येसाजीमागून सारी नगरी. त्या वर्षी त्या राज्यात उशिरा पेरणी झाली, आणि सगळ्यांना पुरेल एवढे पिकले.