वर्खाचा सिंह

फार मागची गोष्ट. समुद्रकाठी, सुट्टीवर येणाऱ्यांसाठी, लाकडी जनावरांची एक जुनी चक्री होती. पोरं बसून बसून रंग उडाले, तेव्हा मालकानं सावंतवाडीहून बाबल चिताऱ्याला बोलावलं.

सिंह म्हणाला, "मला सोन्याचा वर्ख लाव." सिंह कसला, फणसाचं लाकूड. पण ऐट बघा.

"लावतो," बाबल म्हणाला. "पण पोर बसलं की वर्ख निघतो. मग तुझ्यावर कुणी बसायचं नाही. चालेल?"

"बरंच होईल. पन्नास वर्षं लाथा खाल्ल्यात."

उंट म्हणाला, "मला साधा रंग दे बाबा. पोरं मान धरतात तिथं गुळगुळीत झालीय, तेवढी तशीच ठेव."

चक्री पुन्हा सुरू झाली. सिंहाच्या पाठीवर आडवी दोरी बांधली. लोक त्याला देखणा म्हणायचे आणि पोरांना उंटावर बसवायचे.

महिन्याभरानं एक मुलगी उंटाची मान सोडेना. आई म्हणाली, "सोड गं बाये, उंट घरी न्यायचाय का?" आणि ओढून घेऊन गेली.

चक्री थांबल्यावर सिंहानं हळूच विचारलं, "उंटा, किती वजन होतं रे तिचं?"

उंटाला त्याच्याकडे बघवेना. म्हणाला, "फार नव्हतं."